दोन डोळ्यांमधील प्रतिमागळती

माणसास दोन डोळे असूनही त्यास जग एकच दिसते, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यामागे काही कोडे असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये सरासरी सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे समोरची वस्तू प्रत्येक डोळा किंचित निराळ्या जागेवरून पाहतो आणि दोन्ही नेत्रपटलांवर उमटणाऱ्या प्रतिमा तंतोतंत सारख्या नसतात. या अल्पशा भेदातून मेंदू वस्तूची खोली, म्हणजे तिचे पुढे-मागे असणे, ताडतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवू पाहणाऱ्यास या भेदाचे मोल तत्काळ कळते.

हा प्रतिमाभेद हेच खोलीच्या जाणिवेचे एक स्वतंत्र कारण आहे, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात सिद्ध केले. त्याने योजलेले उपकरण साधे होते. नाकासमोर काटकोनात जोडलेले दोन आरसे आणि उजव्या-डाव्या बाजूंस ठेवलेली दोन रेखाचित्रे, एवढीच त्याची सामग्री. डावा डोळा डाव्या आरशातून डावे चित्र पाही, उजवा डोळा उजवे. दोन्ही चित्रे सपाट कागदावरची. पण पाहणाऱ्यास मात्र पोकळीत उभी असलेली घनाकृती दिसे. या उपकरणास स्टिरिओस्कोप, म्हणजे त्रिमितिदर्शक, असे नाव मिळाले.

तेव्हापासून आजतागायत त्रिमितिदर्शनाची जेवढी म्हणून साधने निघाली, त्या सर्वांपुढे अट एकच आहे: डाव्या डोळ्यासाठीचे चित्र केवळ डाव्यासच दिसले पाहिजे आणि उजव्यासाठीचे केवळ उजव्यास. ही अट सांगावयास सोपी आणि पाळावयास कठीण आहे. एका डोळ्यासाठीच्या चित्राचा थोडासा अंश दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोहोचतोच. या दोषास आपण प्रतिमागळती म्हणू. चित्रपटगृहात तो दोष पात्रांच्या कडेने दिसणाऱ्या पुसट दुहेरी छायेच्या रूपाने जाणवतो आणि प्रेक्षक तो सहन करतो. दृष्टीविषयक संशोधनात आणि नेत्रतपासणीत मात्र तो निष्कर्षच बदलू शकतो. म्हणून या विषयाची ओळख विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गळतीचे मोजमाप गुणोत्तराने करतात. समजा, चष्म्याच्या डाव्या काचेमागे प्रकाशमापक ठेवला. पडद्यावर दोन्ही चित्रे काळी असताना त्याने ०.२ एकके दीप्ती दाखविली. केवळ उजवे चित्र पांढरे केले असता १.२ एकके, आणि केवळ डावे चित्र पांढरे केले असता ४०.२ एकके. काळ्या पडद्याची मूळची ०.२ एकके दोन्हींतून वजा केली की नको असलेला प्रकाश १ एकक आणि हवा असलेला ४० एकके उरतो. गळती झाली शेकडा अडीच. एवढी अल्प गळती काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या रेघेत डोळ्यास सहज दिसते. करड्या, मंद चित्रात ती लपून राहते. दिसली नाही म्हणजे ती नाही, असे मात्र नव्हे.

ही गळती होते कोठून, हे साधनागणिक निराळे आहे. सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत रंगांची. जर्मनीच्या विल्हेल्म रोलमन याने १८५३ साली ती प्रथम सुचविली. एक चित्र तांबड्या रंगात आणि दुसरे हिरव्या किंवा निळसर रंगात एकावर एक छापावयाचे आणि एका डोळ्यावर तांबडी, दुसऱ्यावर हिरवी काच लावावयाची. पांढऱ्या कागदावरची तांबडी रेघ तांबड्या काचेतून पाहिल्यास पार्श्वभूमीत विरून जाते आणि हिरव्या काचेतून काळी दिसते. हिरव्या रेघेचे याउलट. शाळेच्या स्नेहसंमेलनात दिव्यांवर लावावयाचा रंगीत जिलेटीन कागद घेऊन विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. तांबड्या बॉलपेनची रेघ तांबड्या जिलेटीनमधून बहुधा नाहीशी होईल. हिरव्या पेनची रेघ हिरव्या जिलेटीनमधून पाहिली असता मात्र ती पुसट का होईना, दिसत राहील. ती पुसट रेघ म्हणजेच गळती. छापण्याच्या शाईचा रंग आणि काचेचा रंग कधीच पूर्णपणे जुळत नाहीत, हे तिचे कारण. जिलेटीनचे दोन थर घेतले तर गळती पुष्कळच घटते. एक थर हवा तो प्रकाश शेकडा ८० आणि नको तो शेकडा १० सोडतो असे धरले, तर गळती साडेबारा टक्के होते; दोन थरांतून हवा तो ६४ आणि नको तो अवघा १ टक्का येतो, म्हणजे गळती दीड टक्क्याच्या आसपास. पण चित्रही तेवढेच अंधारते. या क्षेत्रात फुकट काही मिळत नाही.

दुसरी रीत ध्रुवीभवनाची. प्रकाशलहरींची कंपने एका डोळ्यासाठी एका दिशेत आणि दुसऱ्यासाठी तिच्याशी काटकोनातील दिशेत ठेवावयाची, व चष्म्याच्या काचाही तशाच बसवावयाच्या. भारतातील पहिला त्रिमितीय चित्रपट ‘माय डिअर कुट्टीचातन’ १९८४ मध्ये मल्याळम भाषेत आला आणि पुढे ‘छोटा चेतन’ या नावाने हिंदीत पोहोचला, तो अशा चष्म्यांतूनच लोकांनी पाहिला. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. आपण चित्रपटसृष्टीस ‘रुपेरी पडदा’ म्हणतो ते अलंकाराने. या पद्धतीत मात्र पडदा खरोखरच रुपेरी, म्हणजे धातूच्या वर्खाचा लेप दिलेला, असावा लागतो. चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या भिंतीवर पडलेला ध्रुवित प्रकाश परतताना आपली दिशा विसरतो आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रे दिसू लागतात.

रेषीय ध्रुवीभवनाचा दुसरा शत्रू म्हणजे पाहणाऱ्याची कललेली मान. काचा निर्दोष आहेत असे मानले तरी, डोके जेवढ्या कोनातून कलते त्या कोनाच्या स्पर्शज्येचा, म्हणजे ‘टॅन’चा, वर्ग एवढी गळती होते. ५ अंशांस ती एक टक्क्याहून कमी असते. १० अंशांस सुमारे तीन टक्के, २० अंशांस तेरा टक्क्यांहून अधिक. पंचेचाळीस अंशांस दोन्ही चित्रे दोन्ही डोळ्यांत सारखीच. वर्तुळी ध्रुवीभवन वापरल्यास ही अडचण बहुतांशी टळते, परंतु तेथे निरनिराळ्या रंगांचा प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात गळतो.

तिसरी रीत काळाची, आणि दृष्टिसंशोधनाच्या प्रयोगशाळांत तिचा पुष्कळ प्रसार झाला. पडद्यावर सेकंदास १२० चित्रे दाखवावयाची. एक डाव्याचे, एक उजव्याचे, पुन्हा डाव्याचे. चष्म्याच्या काचा द्रव स्फटिकाच्या असून त्या आळीपाळीने उघडझाप करतात. प्रत्येक चित्राच्या वाट्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद येतात. जुन्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली ओळ ओळ उजळीत जाई. सर्वांत खालची ओळ उजळून होते न होते तोच दुसरी काच उघडण्याची वेळ येई. त्या ओळीवरील लेपाची चमक तोवर विझलेली नसे, आणि ती चुकीच्या डोळ्यात शिरे. म्हणून गळती पडद्याच्या तळाशी अधिक आणि माथ्याशी कमी. हिरव्या लेपाची शेपूट रेंगाळत असल्यामुळे अनेक संशोधक केवळ तांबड्या रंगात आपली चित्रे दाखवीत. एखाद्या शोधनिबंधात काळ्या पडद्यावर तांबडेच ठिपके का, असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर पुष्कळदा सौंदर्यदृष्टीत नसून या शेपटीत असते.

नळीचे पडदे बाजारातून गेले आणि द्रव स्फटिकाचे सपाट पडदे आले, तेव्हा अनेकांस वाटले की आता चमक रेंगाळण्याचा प्रश्न मिटला. तो मिटला नाही. त्याने रूप बदलले. सपाट पडद्यावरील ठिपका पुढचा आदेश येईपर्यंत आपले चित्र धरून ठेवतो आणि आदेश ओळीओळीने येतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी पडद्याच्या वरच्या भागात नवे चित्र आणि खालच्या भागात जुने, अशी स्थिती असते. सारा पडदा एकाच चित्राचा असतो तो काळ फारच थोडा. तेवढ्याच काळापुरता मागचा दिवा लावणे, हा त्यावरचा उपाय. शिवाय द्रव स्फटिक थंडीत घट्ट आणि मंद होतो. तेलंगणात थंडीचा कडाका आदिलाबादेत सर्वांत जास्त, हे आपणांस ठाऊकच आहे. पौषातील पहाटे उघड्या खोलीत सुरू केलेला पडदा आणि तासाभराने ऊबदार झालेला तोच पडदा यांची गळती सारखी असेलच असे नाही. मोजमाप पडदा तापल्यावरच करावे, असा दंडक आहे तो याकरिता.

आणि आरसे? व्हीटस्टनच्या उपकरणात दोन चित्रे दोन स्वतंत्र जागी असतात. त्यांच्यामध्ये आडोसा घातला की गळतीस वाटच उरत नाही. म्हणून अत्यंत सूक्ष्म मापने करावयाची असतात तेथे आजही दोन पडदे आणि चार आरसे घेऊन बसणारे संशोधक आहेत. पावणेदोनशे वर्षांहून जुनी ही युक्ती अद्याप कुणास मागे टाकता आलेली नाही. डोक्यावर घालावयाचे आधुनिक दर्शकही मुळात हेच करतात, प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र पडदा ठेवतात.

आता गळलेला प्रकाश डोळ्यांत जाऊन नेमके काय बिघडवितो, ते पाहू. एका उभ्या रेघेचे डावे चित्र क या जागी आणि उजवे चित्र ख या जागी आहे असे समजा. क आणि ख यांमधील अंतर हाच प्रतिमाभेद, आणि त्यावरून मेंदू रेघ पडद्याच्या पुढे किंवा मागे आहे असे ठरवितो. गळती झाली की डाव्या डोळ्यास क येथे ठळक रेघ आणि ख येथे पुसट रेघ दिसते. उजव्यास ख येथे ठळक आणि क येथे पुसट. मेंदूपुढे आता चार जोड्या उभ्या राहतात. ठळकाशी ठळक ही खरी जोडी. डावीकडील ठळक आणि उजवीकडील पुसट या दोन्ही क येथेच आहेत, त्यांच्यात भेद शून्य; ख येथील जोडीचेही तेच. या दोन्ही जोड्या ओरडून सांगतात की रेघ पडद्यावरच आहे. उरली पुसटाशी पुसट ही जोडी. ती तर खोली उलटी दाखविते, पुढचे मागे आणि मागचे पुढे. साक्षीदार चार, त्यांपैकी खरा एकच, अशी ही अवस्था.

भेद फार लहान असेल तर ठळक आणि पुसट रेघा वेगळ्या दिसतच नाहीत; त्या मिळून एकच किंचित सरकलेली रेघ होते. मेंदू अशा रेघेचा प्रकाशमध्य धरतो असे मानले, तर एक उणे गळती भागिले एक अधिक गळती या पटीत प्रतिमाभेद आकुंचन पावतो. पाच टक्के गळतीस भेदाचा दहावा हिस्सा जवळजवळ नाहीसा होतो, दहा टक्क्यांस अठरा टक्के. प्रत्यक्ष दृष्टी या साध्या हिशेबाहून गुंतागुंतीची आहे; तरी दोषाची दिशा त्यातून समजते. यंत्राने चाळीस दाखविले आणि डोळ्यास छत्तीसच पोहोचले, तर संशोधक त्या डोळ्याविषयी जे लिहील ते यंत्राविषयी असेल.

येथे मोजमापाचा सूक्ष्मपणा लक्षात घ्यावयास हवा. आपल्या ज्योतिषाने अंशाचे साठ भाग केले त्यांस कला म्हटले आणि कलेचे साठ भाग केले त्यांस विकला. निरोगी डोळ्यांस चाळीस विकलांचा प्रतिमाभेद ओळखता यावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. वाचनाच्या अंतरावर, म्हणजे चाळीस सेंटिमीटरवर, चाळीस विकला म्हणजे पुढे-मागे अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा गोष्टीवर एखाद्या मुलाची दृष्टी शाबूत की सदोष, याचा निर्णय होतो.

हा निर्णय आपल्या भागास परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडकडे गेले, राजुराही आधी नांदेडकडे आणि मागाहून चांद्याकडे गेले आणि मुधोळ नांदेडातून आदिलाबादेत आले. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. मराठी बोलणाऱ्या त्या मुधोळात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचे ग्रामीण केंद्र, भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र, १९९६ साली सुरू झाले. त्यापूर्वी डोळ्याच्या दुखण्यासाठी हैदराबाद किंवा नांदेड गाठावे लागे, हे वडीलधारी मंडळी सांगतील. जवळच बासर. तेथे सरस्वतीच्या मंदिरात लहान मुलांचा अक्षराभ्यास होतो. ज्या वयात मुलास पहिले अक्षर गिरविण्यासाठी बासरला नेतात, त्याच वयात त्याचे दोन्ही डोळे एकत्र काम करतात की नाही हे पाहणे अगत्याचे असते. कारण तिरळेपणामुळे किंवा दोन्ही डोळ्यांच्या नंबरांतील मोठ्या तफावतीमुळे मेंदू एका डोळ्याची प्रतिमा दाबून टाकू लागतो. तो डोळा मंददृष्टीचा होतो, ज्यास लोक ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत तो उपचारांना चांगला दाद देतो. पुढे ते कठीण होत जाते. मूल स्वतः तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सारे काही चालते.

या मुलांची परीक्षा ज्या साधनांनी होते त्यांतील पुष्कळ साधने रंगीत किंवा ध्रुवीभवनी चष्म्यांची आहेत. वर्थची चार दिव्यांची चाचणी घ्या. एक तांबडा, दोन हिरवे आणि एक पांढरा, असे चार ठिपके. उजव्या डोळ्यावर तांबडी काच, डाव्यावर हिरवी. तांबड्या काचेतून तांबडा आणि पांढरा असे दोन दिसतात, हिरव्या काचेतून दोन हिरवे आणि पांढरा असे तीन. दोन्ही डोळे मिळून काम करीत असतील तर चार. उजव्या डोळ्याची प्रतिमा दाबली जात असेल तर मुलाने तीनच सांगावयास हवेत. पण हिरवी काच जुनी, विटलेली असून तिच्यातून तांबडा ठिपका पुसटसा जरी दिसला, तरी ते मूल एकट्या डाव्या डोळ्याने मोजून ‘चार’ असे सांगेल, आणि कागदावर ‘निर्दोष’ अशी नोंद होईल.

ठिपक्यांच्या चित्रांची गोष्ट अशीच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे हंगेरियन संशोधक बेला युलेश यांनी १९६० च्या सुमारास यादृच्छिक ठिपक्यांची चित्रे संगणकाने तयार केली. एका डोळ्याने पाहता ती निव्वळ रांगोळी सांडल्यासारखी. दोन्ही डोळ्यांनी पाहता तिच्यातून एक चौकोन वर उठून येतो. एका डोळ्यास आकृती दिसतच नाही, हेच त्या चाचणीचे सामर्थ्य. याच तत्त्वावर तांबड्या-हिरव्या ठिपक्यांची टीएनओ नावाची चाचणी नेदरलँड्समध्ये तयार झाली. तिच्यात ४८० पासून १५ विकलांपर्यंतची चित्रे आहेत. तेथे गळती झाली तर एकाच डोळ्यास दोन्ही रंगांचे ठिपके दिसू लागतात. चौकोनाबाहेर ते एकमेकांवर बसलेले आणि चौकोनात सरकलेले असतात, त्यामुळे पोत निराळा दिसतो आणि खोली मुळीच न जाणवता आकृती ओळखता येते. उलट बारीक विकलांच्या चित्रात तीच गळती निरोगी मुलाचा प्रतिमाभेद आखडून त्यास नापास करू शकते. दोष एकच आणि चुका दोन्ही दिशांच्या.

ध्रुवीभवनी चष्म्यांच्या चाचणीत आणखी एक पेच आहे, आणि तो मला सर्वांत चिंतेचा वाटतो. तिरळेपणाची काही मुले दुहेरी दिसू नये म्हणून नकळत मान कलती ठेवतात. वर सांगितलेली गळती मानेच्या कलण्यानेच वाढते. ज्यांची परीक्षा अचूक व्हावयास हवी, नेमक्या त्यांच्याच बाबतीत साधन डळमळीत होते. चाचणी घेणारा मुलाचे डोके सरळ धरावयास सांगतो, तो शिस्तीसाठी नव्हे.

उपचारांतही गळतीचे भान ठेवावे लागते. मंददृष्टीच्या काही नव्या उपचारांत अशक्त डोळ्यास पूर्ण ठळक चित्र आणि सशक्त डोळ्यास मुद्दाम फिके केलेले चित्र दाखवितात, की मेंदूने दोन्हींचा मेळ घालावा. सशक्त डोळ्याचे चित्र वीस टक्के ठळकपणाचे असेल आणि अशक्त डोळ्याच्या चित्राची पाच टक्के गळती तिकडे होत असेल, तर सशक्त डोळ्यास आपल्या चित्राच्या चौथ्या हिश्शाएवढे ठळक असे परके चित्रही दिसते. मग तो एकटाच सारे काम उरकून घेतो. अमेरिकेत २०२१ मध्ये या धर्तीच्या एका उपचारास शासकीय मान्यता मिळाली. त्यात डोक्यावर घालावयाचा दर्शक वापरतात, म्हणजे पुन्हा दोन डोळ्यांची दोन स्वतंत्र चित्रे.

गळती पूर्णपणे बंद करता येत नसेल तर ती आधीच वजा करावी, अशीही एक युक्ती आहे. डाव्या डोळ्यात उजव्याचा पाच टक्के अंश येणार हे मोजून ठाऊक असेल, तर डाव्या चित्रातून तेवढा प्रकाश अगोदरच काढून घ्यावयाचा. वरून गळालेला प्रकाश तो खड्डा भरून काढतो. मात्र खड्डा खणावयास मुळात माती हवी. काळ्या पार्श्वभूमीतून काही वजा करता येत नाही, म्हणून पार्श्वभूमी करडी ठेवावी लागते आणि चित्राचा उठाव तेवढा कमी होतो. पडद्याच्या माथ्याशी आणि तळाशी गळती निराळी असल्याने हे वजन जागोजागी निराळे ठेवावे लागते, ते वेगळेच.

ज्यांच्याजवळ प्रकाशमापक नाही त्यांच्यासाठी, म्हणजे शाळांतून शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, तपासणीची एक रीत सांगतो. सत्र सुरू होण्यापूर्वी परीक्षकाने तो चष्मा स्वतः घालावा, डोके सरळ ठेवून एक डोळा मिटावा आणि ठिपक्यांचे सर्वांत ठळक चित्र पाहावे. नंतर दुसरा डोळा मिटून पुन्हा पाहावे, कारण दोन काचा सारख्याच विटतात असे नाही. ठिपक्यांत छुपी आकृती एका डोळ्याने ओळखू आली, तर चष्मा बदलावा. नव्या चष्म्यानेही तसेच झाले तर दोष छपाईच्या शाईत आहे असे समजून ते पुस्तक बाजूस ठेवावे. चष्मे वापरून झाल्यावर कापडात गुंडाळून पेटीत ठेवावेत, उन्हात पडू देऊ नयेत.